खुर्चीवरचा कोट

१

परळच्या त्या कॉलेजात समुपदेशन कक्ष निघाला, तो काही कुणाला पोरांचा कळवळा आला म्हणून नव्हे. आदल्या वर्षी विनीत नावाचा एक मुलगा गेला. कसा गेला ते अख्ख्या परळला ठाऊक होतं. कॉलेजने मात्र फळ्यावर 'दुःखद घटना' असे दोन शब्द लिहिले, थोडा वेळ माना खाली घातल्या आणि पुढचा तास सुरू केला. मग वरून फर्मान आलं, की प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांचं ऐकून घेणारं कुणीतरी हवं. या कामातली शिकलेली बाई नेमायची तर तिला पगार द्यावा लागतो. त्यापेक्षा प्राचार्यांनी दुसऱ्या मजल्याच्या टोकाची, खेळाच्या सामानाची खोली रिकामी करवली, दारावर पाटी ठोकली आणि अर्थशास्त्राच्या रघुवीर तावड्यांना आत बसवलं. तावड्यांकडे तास कमी होते, एवढीच त्यांची या कामाची लायकी.

पोरांच्या मनाविषयी तावडे सरांचं मत केव्हाच ठरून गेलं होतं. "लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसं होतो. डिप्रेशनला उभं राहायला जागा कुठे होती?" हे वाक्य ते स्टाफरूममध्ये म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला म्हणाले. म्हणून झालं की आधी स्वतःच हसत, त्यामुळे समोरच्याला हसण्यावाचून गत्यंतर उरत नसे.

एकच माणूस हसत नसे, ती त्यांची मुलगी मनवा. त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. नजरेखाली राहील म्हणून सरांनीच तिला तिथे घातली होती. नजर मात्र तिच्यावर कधी पडली नाही. गेले काही महिने पोर वर्गात बसली की तिचा घसा बंद व्हायचा, श्वास अडायचा. मग ती उठून बाहेर जायची आणि जिन्यात बसून राहायची. दादरला घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. तिच्या आईला, सीमाबाईंना, हे दिसत होतं आणि त्या रोज नवऱ्याच्या मागे लागत होत्या, की अहो, तिच्याशी जरा बोला. सर म्हणायचे, मोबाइल काढून घे, आपोआप बोलेल.

२

चाळीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे जागा कशी धरायची. नळाला पाणी यायच्या आधी रांगेत हंडा ठेवायचा आणि खुशाल घरी जायचं. हंडा नसला तर वीट, वीट नसली तर तुटकी चप्पल. वस्तू रांगेत आहे म्हणजे माणूस रांगेत आहे. ती कुणी हलवायची नाही, तिच्यापुढे कुणी घुसायचं नाही. तावड्यांची आई या शास्त्रात पारंगत होती. नळावर, रेशनला आणि रॉकेलला ती एकाच वेळी उभी असायची, आणि प्रत्यक्षात घरी भाकऱ्या थापत असायची.

लेकाने तेच शास्त्र कॉलेजात आणलं. कक्षात दुपारी बसायचं होतं. पहिल्याच दुपारी त्यांनी खुर्चीच्या पाठीला आपला कोट चढवला, टेबलावर जुना चष्मा उघडा ठेवला, दिवा लावला, पंखा लावला आणि समोरच्या उडप्याकडे जाऊन बसले. मुंबईच्या उकाड्यात कोट घालायला तावडे वेडे नव्हते. तो कोट खुर्ची घालत होती. कुणी डोकावलं तर वाटावं, सर आत्ताच उठून गेलेत, येतील एवढ्यात. पोरं जरा वेळ थांबतील, कंटाळतील, जातील. ऐकायला कुणी नसलं की अर्धे आजार बरे होतात, असा सरांचा सिद्धांत होता. शिपाईण नलूला त्यांनी तेवढं बजावून ठेवलं, की खोलीतली वस्तू हलवायची नाही.

उडप्याकडे ते फिल्टर कॉफी घेत, सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं फोनवर मिटवत, आणि कॉलेज सुटायच्या वेळेला वर येऊन दिवा-पंखा बंद करत, कोट हातावर टाकून घरी जात. इतकं चोख काम करणारा माणूस कॉलेजने उगाच नाही निवडला.

३

पहिली गोष्ट खटकली ती इतकी क्षुल्लक, की खटकली याचंच नवल. जिन्यात प्राची नावाची एक विद्यार्थिनी भेटली. ही मुलगी म्हणजे मान खाली घालून भिंतीला घासून चालणारी. ती त्या दिवशी मान वर करून थांबली आणि म्हणाली, "थँक्यू सर. काल तुम्ही ऐकलंत ना, तसं आजवर कुणी ऐकलं नव्हतं माझं."

काल सर दुपारभर उडप्याकडे होते. क्षणभर त्यांना वाटलं, विचारावं, कुणी ऐकलं म्हणतेस? पण मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हिची हजेरी कमी असणार, म्हणून लोणी लावतेय. ते म्हणाले, ते तर माझं कामच आहे, आणि खाली उतरले. फुकटची स्तुती मिळाली की माणूस तिचा पत्ता विचारत नाही.

त्या दिवशी कोट उचलताना तो गरम लागला. बाहेरून नाही, आतून, अस्तराला, पाठीच्या बाजूने. पंखा तर डोक्यावर कटकट करत फिरत होता. सरांनी कोट हातावर तोलला. खोलीत रबराचा आणि जुन्या गाद्यांचा वास होता, त्यात आणखी एक वास मिसळला होता, खूप वेळ एका जागी बसलेल्या माणसाचा. ऊन आलं असेल खिडकीतून, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. खिडकी उड्डाणपुलाच्या सावलीत होती आणि तिथे ऊन कधीच येत नसे, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं. मग त्यांनी दुसरं काहीतरी आठवायला घेतलं.

४

हळूहळू पोरं वाढली. नलूने येऊन विचारलं, की सर, बाहेर बाक टाकू का, तुमच्यासाठी पोरं ताटकळत उभी असतात. आता मात्र सरांनी डोकं चालवलं. कुणीतरी आपल्या खुर्चीत बसतंय हे उघड होतं. कोण, हेही त्यांनी ठरवून टाकलं: तासिका तत्त्वावरचा निलेश. कायम व्हायचं म्हणून ही तरणी माणसं काय वाटेल ते करतात. आयत्या बिळात नागोबा. पण नागोबा बिळावर पाटी तावड्यांचीच ठेवत होता, पोरं आभार तावड्यांचेच मानत होती, तेव्हा त्याला हुसकावून तावड्यांना काय मिळणार होतं? कॉफी सुटली असती, एवढंच.

मग सभा झाली. कक्षात जाऊन आलेली पोरं वर्गात नीट बसतात, वाद घालत नाहीत, रडत नाहीत, आयांचे फोन येत नाहीत, असं प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि तावड्यांच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. तावड्यांनी दोन शब्द बोलताना ऐकून घेणं ही एक साधना आहे, असं सांगितलं. चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं, निलेश दिसत नाही तो? कुणीतरी म्हणालं, तो गणपतीनंतर आलाच नाही, ठाण्याला लागला.

बटाटेवडा तोंडातच राहिला. म्हणजे कक्ष उघडला तेव्हा निलेश कॉलेजात नव्हताच. पण शाल अंगावर होती, लोक हात मिळवायला येत होते, आणि असल्या वेळी माणसाने फार खोलात जाऊ नये.

घरी सीमाबाईंनी शाल पाहिली, घडी केली, आणि म्हणाल्या, की आता घरच्या पोरीचंही ऐका. सर त्या दिवशी रंगात होते. आतल्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी मनवाला सांगितलं, "कक्षात येऊन भेट मला. घरी ही थेरं नकोत."

मनवा उठून बसली. "तू खरंच ऐकशील, बाबा?"

"अख्खं कॉलेज सांगतंय."

त्या दिवशी ती थोडं जेवली. कक्षात मात्र गेली नाही. बापाला ती अख्ख्या कॉलेजपेक्षा जरा जास्त ओळखत होती.

५

धम्मपाल हा नायगावच्या चाळीतला मुलगा, विनीतचा शाळेपासूनचा बाकसोबती. विनीत गेल्यापासून तो वर्गात शेजारच्या जागेवर आपली बॅग ठेवायचा आणि कुणाला तिथे बसू द्यायचा नाही. तावडे सर त्याच्यावर खार खाऊन होते, कारण या पोराने भर वर्गात उभं राहून सांगितलं होतं, "सर, विनीत गेला त्या आठवड्यात तुम्ही त्याची गैरहजेरी मांडलीत, आणि वर त्याला उशिराची सवयच आहे म्हणालात." सर त्यावरही हसले होते, पण एकटेच.

तोच धम्मपाल एका सकाळी सर वर्गात शिरताच नम्रपणे उभा राहिला. बॅग खाली पायाशी होती. विनीतच्या जागेवर भलताच मुलगा बसून चिप्स खात होता. सरांच्या मनात उकळ्या फुटल्या. बरा सापडला, असं वाटून त्यांनी तास संपल्यावर त्याला गाठलं.

"काय रे, विनीतचे वकील आज गप्प?"

"कोण विनीत, सर?"

सरांना वाटलं, पोरगा टोमणा मारतोय. त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, कदाचित पहिल्यांदाच. टोमणा असता तर ओठाच्या कोपऱ्यात, भुवईत कुठेतरी असता. तिथे काहीच नव्हतं. घरातलं एखादं जुनं कपाट हलवलं की भिंतीवर मागे स्वच्छ चौकोन राहतो, तसा तो चेहरा होता.

"सर, तुम्ही खूप मदत केलीत मला," धम्मपाल म्हणाला. "आता कसलाच त्रास नाही." आणि सरांना वाट करून देऊन तो कॅन्टीनकडे गेला.

६

त्या दुपारी सर उडप्याकडे पोचले आणि खिसा चाचपला तर फोन कक्षातच राहिलेला. ते परत आले. दुसऱ्या मजल्यावर दुपारचा सुस्तपणा होता, कुठल्याशा वर्गात कुणीतरी एकसुरात शिकवत होतं. बाकावर दोघं-तिघं बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे पाहत होती. सरांच्या कानावर आधी पंखा पडला. मग आवाज.

"मग? पुढे काय झालं, बाळा?"

आवाज तावड्यांचा होता. लालबागचा तो किंचित घोगरेपणा, तंबाखूने बसलेला तळ, सगळं त्यांचं. फक्त 'बाळा' हा शब्द त्या गळ्यातून कधी निघाला नव्हता, आणि पुढे काय झालं हा प्रश्नही. त्यांना पुढे काय झालं यात कधी रस नसे.

दाराला वरच्या अर्ध्या भागात खरखरीत काच होती. तिच्यातून नीट दिसत नव्हतं. पाठमोरी मुलगी कळत होती आणि टेबलापलीकडे कोट. कोट भरलेला होता. तो खुर्चीतून पुढे वाकला होता, खूप पुढे, मुलीच्या तोंडाजवळ. वर डोकं होतं, ते एका बाजूला कललं होतं, लक्ष देऊन ऐकणारं माणूस मान कलती करतं तसं. मुलगी बोलत होती आणि डोकं कलत होतं. खांद्याला टेकलं. मान तिथे थांबायला हवी होती. मुलगी हुंदका देऊन आणखी काही बोलली आणि ते आणखी थोडं कललं.

दार उघडणं हे दोन बोटांचं काम होतं. वर्षानुवर्षं पोरांच्या दुबळेपणावर व्याख्यानं देणारा हा वाघ दोन पावलं मागे सरला, वळला, आणि बाकावरच्या पोरांना चुकवत मागच्या जिन्याने खाली आला. उडप्याकडे त्याने आणखी एक कॉफी मागवली. काचेचा दोष असतो, जुन्या काचेत सगळं लांबतं, असं त्याने स्वतःला समजावलं. फोन आणायला मात्र तो कॉलेज सुटल्यावरच वर गेला.

७

दुसऱ्या दिवशी धम्मपालची आई आली. बकुळाबाई परळलाच एका इस्पितळात आया होत्या. ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या. सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही, त्याही बसल्या नाहीत.

"सर, वरीसभर रडला तो. मीच म्हणायचे, बस कर आता, जगायचंय आपल्याला. आता थांबलाय. पण काल नाक्यावर विनीतची आई भेटली. ती माऊली याला बघून रडायला लागली, हात धरला, तर हा तिला विचारतो, मावशी, तुम्ही कोण?" त्यांनी पदर तोंडाला लावला, मग खाली घेतला. "रडत होता तेव्हा निदान माझा होता. तुम्ही काय काढून घेतलंत त्याचं? ते परत द्या."

सरांनी सांगितलं, की मुलगा बरा झालाय, याला नॉर्मल होणं म्हणतात, शास्त्रच आहे तसं. बकुळाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर सरांना चालला असता. त्यांनी मीटिंग आहे म्हणून सांगितलं आणि मुतारीत जाऊन उभे राहिले.

तिथे, फिनेलच्या वासात, त्यांना एकेक गोष्ट सरळ दिसायला लागली. पोरं आत जाऊन जे सांगतात ते तिथेच राहतं. धम्मपालने विनीतबद्दल सांगितलं, विनीत गेला. मग आपल्या घरची पोर आत जाऊन बसली, तर ती कुणाबद्दल सांगेल? हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि तिला तिथे बोलावलं होतं कुणी, तेही त्यांना चांगलं आठवत होतं.

८

त्या दिवशी सरांनी कक्षाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कोट दादरच्या घरी कपाटात, जुन्या सतरंज्यांखाली दडपून टाकला. हंडा उचलला की रांगेतली जागा गेली, असा साधा हिशेब. आईने नळावर शिकवलेला दुसरा अर्धा धडा ते विसरले होते. हंडा फक्त माणूस येईपर्यंत लागतो. माणूस येऊन उभा राहिला की हंडा असो नाहीतर नसो, जागा त्याची.

मग ते मनवाच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. त्यांनी सांगितलं, की कक्षात येऊ नकोस. कक्ष बंद केलाय.

"तूच म्हणालास ये म्हणून."

"आता नको म्हणतोय ना."

मनवाने सरकून त्यांना जागा केली. "मग इथे ऐक," ती म्हणाली. "बस ना जरा, बाबा."

सर पलंगाच्या कडेला टेकले. खरोखर टेकले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. मनवाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मला ना, वर्गात बसलं की..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य जड असणार हे तिच्या तोंडावरून एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. सर वाट बघत होते. पोरीचं दुःख ऐकायचं म्हणजे काय करायचं असतं, तोंड कसं ठेवायचं, हात कुठे, त्यांना काहीच माहीत नव्हतं. इतक्यात फोन वाजला. सोसायटीचा सेक्रेटरी. कुणाच्या तरी गाडीने कुणाची तरी गाडी अडवली होती.

सरांनी मनवाला एक बोट दाखवलं, एकच मिनिट, आणि बाल्कनीत गेले. गाडीचं प्रकरण लांबलं. त्यांनी ते लांबवलं. परत आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. परीक्षा झाल्या की बोलू निवांत, असं ते तिच्या पाठीला म्हणाले.

९

दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्टाफरूममध्ये होते. सहामाहीच्या अभ्यासाची सुट्टी लागली होती, कॉलेज रिकामं होतं. नलू चहा घेऊन आली आणि त्यांना बघून गोंधळली.

"सर, तुम्ही इथे? मनवाला आत्ता तुमच्याकडे जाताना बघितलं."

"माझ्याकडे कुठे?"

"वर, कक्षात. बाबा घरी निवांत भेटत नाहीत, इथे भेटते म्हणाली. दिवा चालू होता ना."

सर धावले. त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं आणि ते दृश्य पाहण्यासारखं नव्हतंही. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती फुटायला आली. लांब, उजाड व्हरांडा. बाक रिकामा. कुलूप कडीला उघडं लटकत होतं, आणि किल्ली त्यांच्या खिशात मांडीला टोचत होती. खरखरीत काचेमागे दिवा होता.

आत मनवा बोलत होती. रडत होती आणि बोलत होती. एकामागून एक वाक्यं, थांबा नाही. तिच्या तोंडून एका दमात इतके शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. एवढा आवाज तिच्याकडे होता हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दाराला हात घातला. ढकलायचं तेवढं बाकी होतं. आणि तेवढ्यात त्यांच्या कानावर 'बाबा' हा शब्द आला.

हात तसाच राहिला. आपल्याबद्दल काय सांगतेय, ते ऐकावंसं वाटलं त्यांना. पोर आत बुडत होती आणि बापाला दारात उभं राहून स्वतःची निंदा की स्तुती ते ठरवायचं होतं. त्यांनी काचेला कान लावला. आयुष्यात पहिल्यांदा लेकीचं ऐकायला कान दिला तो असा, चोरून. आत ती काहीतरी म्हणाली, अगदी हळू, आणि ते त्यांना कळलं नाही. त्यांनी आणखी लक्ष दिलं. मग रडणं कमी झालं. मग थांबलं. पंख्याची कटकट तेवढी राहिली, आणि एक लांब, तृप्त श्वास. तो मनवाचा नव्हता.

दार उघडलं. मनवा बाहेर आली. डोळे कोरडे होते, खांदे सैल, चेहऱ्यावर छान रंग. कितीतरी दिवसांनी ती एखाद्या वीस वर्षांच्या मुलीसारखी दिसत होती. दारातल्या घामाघूम माणसाला बघून तिने बाजूला होऊन वाट दिली.

"झालं माझं. तुम्हाला जायचंय ना आत? जा."

"मनवा."

"तुम्ही ओळखता मला?"

"अगं, मी तुझा बाप," तावडे म्हणाले.

ती एक पाऊल मागे सरली, बॅग पोटाशी धरली. मग तिला त्यांची दया आली असावी, कारण ती मऊ आवाजात म्हणाली, "काका, तुमची काहीतरी गफलत होतेय. माझे बाबा आत बसलेत."

एक गोष्ट. बापाशिवाय दुसऱ्याला ठाऊक नसेल अशी एकच गोष्ट सांगितली असती तरी पुरे होतं. तावड्यांनी डोक्यात हात घालून शोधलं. तिच्या मैत्रिणीचं नाव. ती कशाला घाबरते ते. तिला काय व्हायचं होतं ते. वीस वर्षं एका छपराखाली काढली होती, काहीतरी हाती लागायला हवं होतं. शेवटी त्यांना एक सापडलं आणि ते जवळजवळ ओरडले.

"बांगड्याचं तिखलं! तुला तिखलं आवडतं. कढईला भाकरी पुसून खातेस."

मनवाने मान हलवली. "मी मासे सोडून वर्ष झालं," ती म्हणाली. "बाबांना माहितीये."

आणि ती गेली. घाईने नाही, कुणाला चुकवल्यासारखी नाही, आपली घरी निघालेल्या मुलीसारखी, सरळ, व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहावं असं तिच्या मागे कुणी नव्हतंच.

दार उघडंच राहिलं होतं. आतून, त्यांच्याच गळ्याने, पण त्यांनी कधी कुणाला दाखवली नव्हती एवढ्या मायेने कुणीतरी म्हणालं, "या. बसा. तुमचंही कधी कुणी ऐकलेलं दिसत नाही."

पोरीचं जे घेतलंय ते परत मागायचं, शिव्या द्यायच्या, त्याची गचांडी धरायची, असं बरंच काही तावड्यांच्या मनात होतं. त्यातलं पहिलं काय करायचं ते ठरायच्या आत त्यांनी उंबरा ओलांडला होता आणि ते बोलायला लागले होते.